एका अक्षराचा जोर

असे समजा, की घरात आई आणि आजी दोघींनाही ताप आला आहे. आरोग्यसेविका घरी येते, दोघींना तपासते आणि गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहून देते : ‘ही गोळी आजीलाही द्या.’ घरातला मुलगा उर्दू शाळेत शिकतो. तो वाचतो ‘ही’ आणि मनात म्हणतो, ‘दादी ही को देना है.’ म्हणजे गोळी एकट्या आजीची! मग आई गोळीवाचून राहते. चूक एका अक्षराची, पण त्रास माणसाला.

असे का झाले? ‘ही’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण त्याचे काम वेगवेगळे आहे. उर्दूत ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे दुसरे कोणी नाही, मी एकटा. मराठीत ‘मीही जाईन’ म्हणजे इतरांबरोबर मीसुद्धा. उर्दूत त्याला ‘मैं भी’ म्हणतात. उर्दूतल्या ‘ही’चे काम मराठीत ‘च’ करतो : ‘मीच जाईन.’ म्हणून हे दोन धडे पक्के लक्षात ठेवा. उर्दू ‘ही’ म्हणजे मराठी ‘च’. उर्दू ‘भी’ म्हणजे मराठी ‘ही’.

वरच्या चिठ्ठीत आणखी एक ‘ही’ आहे, तोही पाहा. ‘ही गोळी’ यातला ‘ही’ म्हणजे उर्दूतला ‘यह’. तो सुटा लिहितात आणि स्त्रीलिंगी नामाच्या आधी येतो : ही वही, ही नदी. ‘आजीलाही’ यातला ‘ही’ मात्र शब्दाला जोडून लिहितात. सुटा की जोडलेला, एवढे पाहिले तरी अर्ध्या चुका टळतात.

आता ‘च’ काय करतो ते पाहू. एक साधे वाक्य घेऊ : ‘बाजी उद्या गंगाखेडला जाणार आहे.’

‘बाजीच उद्या गंगाखेडला जाणार आहे.’ म्हणजे दुसरे कोणी जाणार नाही.
‘बाजी उद्याच गंगाखेडला जाणार आहे.’ म्हणजे परवा नाही, उद्या.
‘बाजी उद्या गंगाखेडलाच जाणार आहे.’ म्हणजे पाथरीला नाही, जिंतूरला नाही.
‘बाजी उद्या गंगाखेडला जाणारच आहे.’ म्हणजे तिचे जाणे आता टळणार नाही.

शब्द तेच आणि क्रमही तोच. ‘च’ जिथे बसतो, तिथे वाक्याचा जोर जातो. क्रियापदाला लागलेला ‘च’ निश्चय दाखवतो. लोकमान्य टिळकांची स्वराज्याची घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्या शेवटी ‘मिळवणारच’ हा शब्द येतो. त्यातला ‘च’ काढून टाका आणि वाचून पाहा. घोषणेतले बळ कमी झालेले लगेच जाणवेल.

व्याकरणात ‘च’ आणि ‘ही’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. ती शब्दाचे रूप बदलत नाहीत : मुलगा, मुलगाच, मुलगाही. पण ‘साठी’ लावले, की ‘मुलगा’चा ‘मुला’ होतो : मुलासाठी. त्यावर जोर द्यायचा असेल, तर ‘च’ अगदी शेवटी येतो : मुलासाठीच, मुलानेच, शाळेतच.

हा ‘च’ तुम्हांला परका नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात उर्दू आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभार उर्दूतून चाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. भाषा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकींकडून घेत होत्या. घरात, बाजारात दखनी बोलताना ‘ऐसाइच’, ‘अब्बीच’ असे शब्द ऐकू येतात. त्यांतला ‘च’ मराठीकडून आलेला आहे. जुन्या दखनी ग्रंथांतही तो आढळतो. म्हणजे पुस्तकातला ‘च’ तुमच्या जिभेवर आधीच आहे.

देवाणघेवाण उलट बाजूनेही झाली. मराठीतला ‘फक्त’ हा शब्द अरबीतून फारसीत आणि तेथून मराठीत आला. उर्दूत तो ‘फ़क़त’. जुन्या उर्दू पत्रांत मजकूर संपला, की ‘फ़क़त’ लिहीत. मराठीत धनादेशावर ‘रुपये पाचशे फक्त’ असे लिहितात. ‘पाचशे’च्या पुढे कोणी ‘पन्नास’ लिहून रक्कम वाढवू नये, म्हणून हे कुंपण!

इंग्रजीत धनादेशावर या जागी ‘ओन्ली’ लिहितात. त्यामुळे ‘फक्त’ आणि ‘च’ दोन्हींसाठी तो शब्द चालेल, असे आपल्याला वाटते. ‘मी परभणीचाच आहे’ हे आपण इंग्रजीत ‘आय ॲम फ्रॉम परभणी ओन्ली’ असे सांगतो. भारतात ते सर्वांना कळते. परदेशी माणूस मात्र बुचकळ्यात पडतो. ‘ओन्ली’ म्हणजे मुख्यतः ‘इतकेच, अधिक नाही’. नुसता जोर द्यायचा असेल, तर इंग्रजी माणूस बहुधा तो शब्द ठासून उच्चारतो. प्रत्येक भाषेची जोर देण्याची रीत निराळी असते. शब्दाला शब्द ठेवून ती मिळत नाही.

शेवटी एक सावधगिरी. ‘च’ म्हणजे मिठासारखा आहे. प्रत्येक शब्दाला तो लावला, तर कोणत्याच शब्दावर जोर राहत नाही. ‘लग्नाला यायचेच हं!’ यात प्रेमाचा आग्रह आहे; पण ‘आत्ताच द्या, मलाच द्या’ यात उद्धटपणा वाटतो. तक्रार किंवा साक्ष देताना तर फार जपावे. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्यालाच पाहिले’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात तुम्ही सांगता, की तो दुसरा कोणी असूच शकत नाही. एखाद्याची अब्रू त्या एका अक्षरावर अवलंबून असते. म्हणून जेथे खात्री असेल, तेथेच ‘च’ लिहावा.