संगणकाचे अतिशीतन

अतिशीतन म्हणजे ओव्हरक्लॉकिंग केलेल्या संगणकाचा प्रोसेसर शून्य अंशाच्या बराच खाली थंड ठेवण्याची पद्धत होय. हौशी प्रयोगकर्ते ती दैनंदिन वापरासाठी नव्हे, तर अल्पकाळ टिकणारा उच्चांकी वेग गाठण्यासाठी वापरतात.

तत्त्व

प्रोसेसरची वारंवारता वाढवताना बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. उष्णता वारंवारतेच्या समप्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तापमान उतरल्यास ट्रान्झिस्टरमधील विद्युतगळती घटते आणि चिप अधिक वेगाने स्थिर चालू शकते.

पद्धती

प्रोसेसरवर तांब्याचे उभे भांडे घट्ट बसवून त्यात शुष्क बर्फ (−७८.५° से.), द्रव नायट्रोजन (−१९६° से.) किंवा द्रव हेलियम (−२६९° से.) घालतात. २००३ मध्ये द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने पेंटियम ४ प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये द्रव हेलियम वापरून इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला.

दव व धोके

दवबिंदूपेक्षा थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते व त्यामुळे मदरबोर्डवर शॉर्टसर्किट होऊ शकते. रत्नागिरीजवळील मिरजोळ्यासारख्या किनारी भागात ही अडचण मोठी असते. हवेचे तापमान २७° से. आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २४° से. असतो, म्हणजे तेथे बर्फाच्या पाण्याने केलेले शीतनही दव आणते. म्हणून सॉकेटभोवती निओप्रीनचे आवरण व विद्युतरोधक ग्रीस लावतात.

एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. बंद खोलीत त्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाण घटून, कोणताही वास न येता, माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे खेळती हवा अत्यावश्यक ठरते.