वैमानिकांची एकी

आमच्या फुलसावंगीवरून विमानें जातात तीं फार उंचावरून. येथें उतरत नाहींत. तरी २०२१ सालीं गांवांतील एका तरुण कारागिराचा स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टराच्या चांचणींत अंत झाला, तेव्हांपासून विमानाची गोष्ट निघाली कीं येथील माणसें गंभीर होतात. गेल्या पितृपंधरवड्यांत ओटीवर तोच विषय चालला असतां धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, महिना लाखों रुपये मिळविणारे वैमानिक संप कां हो करतात?" प्रश्न साधा, परंतु उत्तर देतांना मला माझ्याच नोकरींतील एक गोष्ट आठवली, म्हणून हा लेखनप्रपंच.

वैमानिकाची खरी संपत्ति पगार नव्हे; ज्येष्ठतेच्या यादींतील क्रमांक ही होय. सहवैमानिक उजव्या आसनावर बसतो. डाव्या आसनावर, म्हणजे कप्तानाच्या जागीं, तो केव्हां जाणार, मोठें विमान त्याच्या हातीं केव्हां येणार, हें बहुतांशीं त्या क्रमांकावर ठरतें. कंपनी सोडावी तर नव्या ठिकाणीं बहुधा यादीच्या शेपटास लागावें लागतें. आतां पाहा, पगारवाढ मागावयाची असेल तर सर्वांचें हित एकच. क्रमांकाचें तसें नाहीं. एक वर चढला कीं दुसरा खालीं गेलाच. वैमानिकांच्या संघांतील एकी आणि स्वार्थ यांची गांठ येथें पडते.

१९५३ च्या कायद्यानें विमानवाहतुकीचें राष्ट्रीयीकरण होऊन परदेशगमनासाठीं एअर इंडिया व देशांतर्गत प्रवासासाठीं इंडियन एअरलाइन्स अशीं दोन महामंडळें झालीं. २००७ सालीं सरकारनें तीं एक केलीं. चुली एक झाल्या, पण हिशेबाच्या वह्या निराळ्याच राहिल्या! एअर इंडियाच्या वैमानिकांचा संघ इंडियन पायलट्स गिल्ड; इंडियन एअरलाइन्सवाल्यांचा इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. एकाच कंपनींत वेतन निराळें, बढतीचे नियम निराळे. एप्रिल २०११ च्या अखेरीस असोसिएशननें समान वेतनासाठीं दहा दिवस संप केला. हा गुंता सोडविण्यासाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्यें आला, म्हणजे विलीनीकरणास जवळ जवळ पांच वर्षें होत आल्यावर. घर एक करणाऱ्यानें वांट्यांचा निकाल इतका लांबवावा, यास मी तरी शहाणपण म्हणणार नाहीं.

त्याच वर्षीं मे महिन्यांत गिल्डचे वैमानिक उठले. ड्रीमलायनर विमानें जुन्या एअर इंडियानें मागविलेलीं. तेव्हां तीं चालविण्याचें शिक्षण प्रथम आम्हांस द्या, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांस आमच्या बरोबरीनें पाठवूं नका, असें त्यांचें म्हणणें. संप अठ्ठावन्न दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयानें मनाई केली, शंभरावर वैमानिकांस बडतर्फीचीं पत्रें गेलीं, परदेशचे प्रवासी ठिकठिकाणीं अडकले. दुसऱ्या संघाचे वैमानिक मात्र आपलीं विमानें चालवीतच राहिले. आणि गंमत अशी कीं, जुलैच्या आरंभीं संप मिटला, तोंपर्यंत एकहि ड्रीमलायनर कंपनीच्या ताब्यांत आलें नव्हतें. पहिलें आलें तें सप्टेंबरांत. बाजारांत तुरी नि भट भटणीला मारी!

मला खटकलें तें दुसरेंच. या संपाचा आरंभ आजारपणाच्या रजांनीं झाला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें अशा लोकोपयोगी सेवेंत संपापूर्वीं नोटीस द्यावी लागे. आजारास ती लागत नाहीं. शेंकडों जिवांचा भार वाहणाऱ्या माणसाच्या तोंडीं हें असत्य शोभत नाहीं. पण न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सप्टेंबर २००९ मध्यें जेट एअरवेजचे शेंकडों वैमानिक असेच 'आजारी' पडले, ते संघ स्थापण्याच्या खटपटींत काढून टाकलेल्या आपल्या सोबत्यांसाठीं, आणि त्यांस परत कामावर घेववूनच ते उठले. तेथें कोणाचा क्रमांक कोणाच्या आड येत नव्हता.

आतां माझी गोष्ट. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या दोन शाळा एकत्र झाल्या. दुसऱ्या शाळेंतील एक संस्कृताचे गुरुजी शिक्षकांच्या मोर्चांत माझ्या खांद्याला खांदा लावून चालत, डबाहि आम्ही वांटून खात असूं. ज्येष्ठतेची यादी लागली आणि ते माझ्या वर एका क्रमांकानें आले. त्याच रात्रीं मीं त्यांच्या नेमणुकीच्या तारखेवर हरकत घेणारा अर्ज लिहिला. तारीख खरी होती. अर्ज फेटाळला गेला. गुरुजी आज पुसदला असतात. दिवाळीस त्यांचें पत्र अजून येतें, आणि तो अर्ज कोणाचा होता हें त्यांस ठाऊक नाहीं. ओटीवर ही गोष्ट मीं प्रथमच उघड केली.

जानेवारी २०२२ मध्यें एअर इंडिया पुन्हां टाटांकडे गेली. पुढच्या वर्षीं एप्रिलांत नवे वेतनकरार आले, तेव्हां एकमेकांशीं इतके झगडलेले ते दोन्ही संघ एकत्र उभे राहिले. करारावर सही करूं नका, असें दोघांनींहि आपल्या सभासदांस सांगितलें. मग २०२४ च्या एप्रिलांत विस्तारा कंपनीचे वैमानिक अशाच करारावर रुष्ट होऊन मोठ्या संख्येनें आजारी पडले, आणि १२ नोव्हेंबरास ती कंपनीहि एअर इंडियांत विलीन झाली. म्हणजे पुन्हां दोन याद्यांची एक यादी करणें आलें.

हें ऐकून सूनबाई म्हणाल्या, "मग आतां तिथेंहि कोणीतरी रात्रीं अर्ज लिहीत बसला असेल, नाहीं का मामंजी?"