नो वूमन, नो क्राय
रेगे संगीतातील एक अभिजात गीत. जमैकन गायक बॉब मार्ली (१९४५–८१) व त्याचा ‘द वेलर्स’ हा वाद्यवृंद यांनी ते प्रथम नॅटी ड्रेड (१९७४) या ध्वनिमुद्रिकेत सादर केले; तथापि त्यास जागतिक कीर्ती लाभली, ती १९७५ मधील जाहीर कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणामुळे. शीर्षकाचा ‘स्त्री नसेल, तर अश्रूही नसतील’ असा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो चुकीचा आहे. जमैकन बोलीत दुसरा ‘नो’ हा निषेधार्थी असून ‘नको बाई, रडू नकोस’ असे ते सांत्वन आहे. किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या गरीब वस्तीतील सहजीवनाच्या आठवणी हा गीताचा विषय होय.

मूळ ध्वनिमुद्रण चार मिनिटांहून कमी लांबीचे असून त्यात ठेक्यासाठी तालयंत्र वापरले होते. जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हे गीत संथ लयीत सुमारे सात मिनिटे रंगले. ‘रोलिंग स्टोन्स’च्या फिरत्या ध्वनिमुद्रणगृहाच्या साहाय्याने ते मुद्रित झाले, श्रोत्यांचे सहगायनही त्यात टिपले गेले.

ॲस्टन बॅरेटचे बास गिटार सा, मंद्र नी, ध व म असे पायरीपायरीने उतरते आणि याच आधारावर गीताची स्वरसंगती उभी राहते. त्याचा बंधू कार्लटन हा ‘वन ड्रॉप’ ठेक्यासाठी ख्यातनाम होता. या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडून तिसरीवर आघात देतात. टायरोन डाउनीचे ऑर्गन, ॲल अँडरसनचे गिटारवादन व ‘आय थ्रीज’चे सहगायन यांनी भावपरिपोष साधला आहे. ही आवृत्ती १९७५ मध्ये ब्रिटिश लोकप्रियता-क्रमवारीत २२ व्या स्थानापर्यंत पोहोचली.

गीतलेखनाचे श्रेय मार्लीचा ट्रेंचटाउनमधील मित्र व्हिन्सेंट फोर्ड (मृत्यू २००८) यास दिलेले आहे. तेथे तो गरिबांसाठी अन्नछत्र चालवीत असे. जुन्या प्रकाशन-करारातून सुटण्यासाठी मार्लीने गीते इतरांच्या नावे नोंदविली, असा दावा पुढे झाला. २०१४ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने दावेदार कंपनीविरुद्ध निर्णय दिला. वादकांच्या वाट्याचा प्रश्नही न्यायालयात गेला : मानधनासाठी ॲस्टन बॅरेटने केलेला दावा २००६ मध्ये फेटाळण्यात आला. ज्यांच्या वादनाने गीतास रूप आले, त्यांचे ऋण अशा रीतीने कायद्याच्या नोंदीत पुरते उतरले नाही. ध्वनिमुद्रणात मात्र ते स्पष्ट ऐकू येते.