पोटदुखी आणि पासपोर्ट

हल्ली कळवण तालुक्यातली मुले-मुली पुण्याला शिकतात आणि तिथून थेट परदेशी जातात. काहींचे संसार मोडतात. मग एखाद्या दिवशी आजी नातवाचा हात धरून दवाखान्यात येते. "डॉक्टर, याचं पोट रोज सकाळी दुखतं. शाळेच्या वेळेला तर फारच." तपासून काही सापडत नाही. चौकशी केली की कळते, आई मुलाला घेऊन परदेशी जाणार, वडिलांचा विरोध, कोर्टात तारखा चालू.

वाचकहो, हे सोंग नव्हे. मनावरच्या ताणाने आतड्यांची हालचाल बिघडते, मुलाला खरोखरच दुखते. मोडलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागते, झोप तुटते, डोके दुखते. मात्र वजन घटणे, ताप, शौचातून रक्त, वारंवार उलटी किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर 'टेन्शन आहे' म्हणून घरी बसू नये. तपासण्या कराव्यात.

असाच एक वाद 2022 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात आला होता. पुण्यात राहणाऱ्या एका आईला पोलंडमध्ये क्राकोव्हला नोकरीची संधी होती आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचे होते. वडिलांचा विरोध होता. शेजारच्या युक्रेनमधील युद्धाचे कारणही त्यांनी पुढे केले. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी आईला परवानगी दिली. नोकरीची संधी आईला नाकारता येणार नाही, पण मुलीला वडीलही हवेत, म्हणून सुट्टीत तिला भारतात आणून वडिलांना भेटवण्याची अट घातली. माझ्या मते निकालातला औषधी भाग हाच.

विनापरवाना मूल घेऊन निघून जाण्याचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका. मूल एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेल्यास ते परत पाठवण्याबाबत 1980 चा हेग करार आहे. भारत त्यात नाही, त्यामुळे आपल्याकडे असा वाद 'मुलाचे हित कशात' या कसोटीवर वर्षानुवर्षे चालू शकतो. तोवर मूल मोठे होते, तेही एका पालकाला न बघता.

मुलाला कधी सांगावे? ठरले की लगेच, आणि शक्य तर दोघांनी मिळून. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'सहा महिन्यांनी' हे कळत नाही. त्याला कॅलेंडर दाखवा, 'दिवाळीच्या सुट्टीत बाबा' असे सांगा. या वयात मुलांना वाटते, आपण हट्ट केला म्हणून आई-बाबा वेगळे झाले. तसे नाही, हे न विचारताही सांगावे, पुन्हा पुन्हा सांगावे. आणि आजोबांनी लाडात "आईला सोड, इथंच राहतोस का माझ्याजवळ?" असे विचारू नये. गंमत म्हणून विचारलेल्या या प्रश्नाने रात्रीची झोप जाते.

फोनची वेळ ठरवून घ्या. उन्हाळ्यात पोलंडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तिथे मूल रात्री आठला झोपायच्या तयारीत असते तेव्हा उन्हाळ्यातही इथे साडेअकरा वाजलेले असतात. बाबा पेंगतात, मूल चिडते. तिथली शाळा सुटल्यावर, म्हणजे चारच्या सुमारास फोन केला तर इथे साडेसात किंवा साडेआठ होतात. फोनवर "आई काय म्हणते?" ही चौकशी नको. गणित कितपत जमते, दात पडला का, हे विचारा.

निघण्याआधी लसीकरणाचे कार्ड, चष्म्याचा नंबर, दम्याचे किंवा फिट्सचे कागद यांच्या दोन प्रती काढा, एक दोघांपैकी प्रत्येकाकडे. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात, काही देशांत ती सर्वांना देत नाहीत. तिथे क्षयाची त्वचाचाचणी केली तर बीसीजीमुळेही फुगवटा येऊ शकतो. कार्ड जवळ असले की तिथल्या डॉक्टरांना ते दाखवता येते.