घरच्या चवीची ठेव

जेलाटो या इटालियन पदार्थात दूध अधिक, साय व हवा कमी; त्यामुळे मूळ चव ठळक उतरते. झाशीत अशा चवींचा तोटा नाही. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर १७४२ मध्ये येथे आले आणि मराठी कुटुंबेही स्थिरावली. त्यांचे केशरी श्रीखंड व दुष्काळात बुंदेलखंडास तारणारी मोहफुले, हे दोन्ही वारसे सांगणारे सहकारी आज एकाच कार्यालयात शेजारी बसतात. या चवींचे जेलाटो करावयाचे तर अंदाज चालत नाही. साखर वाढली तर मिश्रण नीट गोठत नाही, घटली तर दगडासारखे होते. म्हणून आजीच्या हातचे प्रमाण प्रथमच तोलून कागदावर येते. वाचकहो, ती सांगू शकते तोवरच ही नोंद करून ठेवावी.