गॅस भरण्याआधी

गाडीचा एसी थंड करेनासा झाला की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "गॅस भरून द्या." पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांमुळे ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. विजेवरच्या गाडीत मात्र हीच सवय कंप्रेसरच्या जिवावर उठू शकते. का, ते मला नागपुरातल्या एका गॅरेजमध्ये, ऐन मे महिन्यात, एका मिस्त्रींचं काम जवळून पाहताना कळलं.

गाडी टॅक्सीची होती. ती चालवणारा तरुण सांगत होता, "काका, दोनदा गॅस भरला. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा गरम हवा. आता तर फास्ट चार्जिंगलाही वेळ लागतो." मिस्त्रींनी हातातलं काम बाजूला ठेवलं ते शेवटच्या वाक्यावर. या गाडीत एकाच गॅसवर दोन कामं चालतात. एक फाटा डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलकडे जातो, दुसरा चिलरकडे. बॅटरीभोवती फिरणारं कूलंट चिलरमध्ये थंड होतं. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, आणि थंडावा कमी पडला की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते. दोन्हीकडे तक्रार आहे म्हटल्यावर ब्लोअर, केबिन फिल्टर, डॅशबोर्डमधली झडप यांच्यावरचा संशय मागे पडला. दोष दोन्ही फाट्यांच्या सामाईक भागात असणार: कंप्रेसर, कंडेन्सर, त्याचा पंखा किंवा खुद्द गॅस.

जुन्या गाडीत एसी लावताच कंप्रेसरचा क्लच टक करून बसायचा आणि अनुभवी कान तिथेच निम्मं निदान करायचे. इथे पट्टा नाही, क्लच नाही. कंप्रेसरच्या पोटातच मोटर आहे आणि ती बॅटरीच्या तीनशेहून अधिक व्होल्टवर चालते. म्हणून मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. कंप्रेसर फिरत होता, फेरेही वाढत होते. पण कॉइलचं तापमान उतरत नव्हतं. पंखा ठीक चालत होता. कंडेन्सरच्या पात्यांत कचरा नव्हता.

मग एसी बंद ठेवून, दोन्ही बाजूंचे दाब समान झाल्यावर गेज पाहिले. दोन्हींवर १३० पीएसआयच्या आसपास. "दाब तर भरपूर आहे," तरुण म्हणाला. मिस्त्रींनी त्याला विचारलं, "घरचं सिलिंडर किती उरलं ते कसं पाहतोस भाऊ? उचलूनच ना?" आत द्रवाचा थोडासाही साठा असेपर्यंत थांबलेल्या यंत्रणेतला दाब तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. शेडमध्ये चाळीस अंश असताना आर-१३४ए गॅस एवढाच दाब दाखवणार. किती उरलाय हे वजनकाट्यावरच कळतं. रिकव्हरी मशीनने सगळा गॅस काढून घेतला. बॉनेटखालच्या लेबलवर ५५० ग्रॅम लिहिलं होतं, निघाला ३१०.

बाकीचा गेला कुठे? नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन भरून मिस्त्री जोडावर जोड साबणाच्या पाण्याने तपासत गेले. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, दगड लागल्याच्या खुणेपाशी, तेलकट धूळ चिकटली होती. तिथे बुडबुडे आले. हवेत गेलेले २४० ग्रॅम क्षुल्लक वाटतात. पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. म्हणजे सव्वातीनशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. गळती न शोधता दोनदा भरलेला गॅसही त्याच वाटेने गेला होता.

इथे काम संपलं असं मला वाटलं. मिस्त्रींची खरी काळजी पुढे होती: गॅसबरोबर आत तेल कोणतं गेलं? पट्ट्यावरच्या कंप्रेसरमध्ये सहसा पीएजी तेल असतं. विजेच्या कंप्रेसरमध्ये मोटरची तांब्याची वेटोळी गॅस आणि तेलातच भिजलेली असतात, म्हणून तिथे बहुतेकदा वीज अडवणारं पीओई तेल लागतं. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एकच मशीन लावलं, तर होजमध्ये उरलेलं पीएजीही आत जाऊन इन्सुलेशन कमकुवत करू शकतं. ते फार उतरलं की गाडीची सुरक्षा यंत्रणा चूक दाखवते, कधी गाडी सुरूच होऊ देत नाही. कंप्रेसर बदलायचा तर खर्च मोठा.

इन्सुलेशन शाबूत आहे का, ही तपासणी घाईत होत नाही. बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, सर्व्हिस प्लग काढून मिस्त्रींनी स्वतःच्या खिशात ठेवला आणि इन्व्हर्टरमधला साठा उतरेपर्यंत पुस्तकात दिलेला वेळ ते थांबले. रबरी हातमोजे गुंडाळून, आत हवा कोंडून, कुठे भोक नाही ना ते पाहिलं. मीटर आधी चालू बॅटरीवर, मग नारिंगी केबलच्या टोकांवर, मग पुन्हा त्याच बॅटरीवर लावला. शून्य दाखवणारा मीटर स्वतः बिघडलेला नाही, याची खात्री अशीच होते. त्यानंतर इन्सुलेशन मोजणारा मेगर. आकडा मेगाओहममध्ये आला, कंपनीच्या मर्यादेच्या बराच वर. कंप्रेसर वाचला होता.

नवा कंडेन्सर, नवा ड्रायर, पीओईचं बोट लावलेल्या नव्या ओ-रिंगा. नळ्यांची टोपणं ऐन जोडायच्या क्षणीच काढली, कारण हे तेल हवेतली ओल झपाट्याने शोषतं आणि ओलीने त्यात आम्ल तयार होतं. व्हॅक्यूम केल्यावर पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते पाहिलं. मग वजन करून बरोबर ५५० ग्रॅम गॅस. बाहेर रणरणतं ऊन असताना व्हेंटमधून दहा-बारा अंशांची हवा आली.

या कामात पाना फिरला तो थोडाच वेळ; बाकी वेळ मोजण्यात आणि थांबण्यात गेला. गिऱ्हाइकाला तो वेळ रिकामा वाटतो आणि त्याचे पैसे द्यायला तो कुरकुरतो. पण दोनदा गॅस भरण्याचा खर्च याच वेळेच्या अभावी वाया गेला होता. म्हणून विजेवरची गाडी एसीसाठी नेलीत तर तीन गोष्टी विचारा: आतून किती ग्रॅम निघाला, गळती कुठे सापडली, आणि मशीनमध्ये तेल कोणतं आहे? या तिन्हींची उत्तरं देणाऱ्याकडे गाडी निर्धास्त सोपवा, आणि तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या.