आवाज करणारी गाडी की कडब्याची बैलगाडी? लहान मुलांसाठी खेळणी आणि खेळाची जागा कशी निवडायची?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडमध्ये सिद्धनाथाचा रथ निघतो. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली माणदेशी माणसं या यात्रेला गावी येतात. गुलाल-खोबरं, पाळणे, मेवामिठाई आणि खेळण्यांची दुकानं. घरी परतताना लहान मुलांच्या हातात काहीतरी असतंच. बटण दाबलं की गाणं म्हणणारी गाडी, दिवे लागणारी बंदूक, नाहीतर डोळे मिचकावणारी बाहुली.

चार दिवसांत गाडीचा सेल संपतो, आठवड्यात चाक निघतं. मूल पुन्हा अंगणात मातीत खेळायला जातं आणि खेळणं माळ्यावर जाऊन पडतं.

यात पैसे तर जातातच, पण प्रश्न तेवढाच नाही. माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा सगळा पर्जन्यछायेतला टापू. इथली कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, तर काही ऊसतोडीला जातात. जिथे मूल आजी-आजोबांजवळ राहतं, तिथे आई-वडिलांनी आणलेलं खेळणं म्हणजे ‘मी तुझ्याजवळ नव्हतो’ याची भरपाई असते. म्हणून ते मोठं, महाग आणि चकाकणारं असावं असं वाटतं.

दुसरीकडे, सोशल मीडियावर वेगळंच चित्र दिसतं. क्रीम रंगाच्या भिंती, लाकडी इंद्रधनुष्य, वेताच्या टोपल्या आणि सोबत ‘एथिकल टॉईज’ असा हॅशटॅग. किंमत विचारली तर हजारांत. मग चांगली खेळणी आणि सुंदर खोली ही फक्त पैसेवाल्यांची चैन आहे का?

तसं नाही. खेळणं निवडताना चार प्रश्न विचारले, तर कमी पैशांत जास्त चांगली निवड करता येते.

‘एथिकल’ खेळणं म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत, ज्या खेळण्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही ते. खेळणाऱ्या मुलाचं नाही, बनवणाऱ्या माणसाचं नाही आणि फेकून दिल्यावर मातीचंही नाही.

त्यातला ‘बनवणाऱ्या माणसाचं’ हा भाग आपल्या सहसा लक्षात येत नाही. १० मे १९९३ रोजी थायलंडमधल्या केडर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. तिथे परदेशी बाजारपेठेसाठी बाहुल्या आणि मऊ खेळणी बनत होती. बाहेर पडायचे मार्ग अपुरे होते, काही दारं बंद होती. १८८ कामगारांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक तरुण मुली आणि स्त्रिया होत्या. कुणाच्यातरी मुलाच्या कुशीत जाणारी बाहुली अशा जागी शिवली जात होती.

या घटनेनंतर खेळणी कुणी आणि कोणत्या परिस्थितीत बनवली, हा प्रश्न जगभर जोरात विचारला जाऊ लागला. यात्रेतल्या दुकानात याचं उत्तर मिळणं कठीण असतं. पण खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता काहीच नसेल, तर एवढं नक्की की त्या खेळण्याची जबाबदारी घेणारं कुणी नाही.

म्हणून चार प्रश्न असे: हे सुरक्षित आहे का? हे कुणी बनवलं? मोडलं तर दुरुस्त होईल का? आणि यात काम कोण करतं, खेळणं की मूल?

सुरक्षित आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का, हे कळतं.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवलेल्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय दिसली, तर ती बेकायदा आहेत असं समजायचं कारण नाही. मात्र कोणतंही रंगवलेलं खेळणं घेताना रंग कसला आहे, हे विचारावं. लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. स्वस्त रंगात शिसं असू शकतं आणि शिशाचं कोणतंही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानलं जात नाही. त्याचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. रंगाचे पोपडे निघत असतील, तर ते खेळणं घेऊ नये.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणखी एक कसोटी आहे. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जो भाग या नळीत पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं मानलं जातं. घरी अंदाज घ्यायचा तर पाच रुपयांचं नाणं या नळीपेक्षा लहान असतं. म्हणजे नाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तूसुद्धा धोक्याचीच.

सर्वांत जास्त सावधगिरी चपट्या बटण सेलबाबत हवी. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घरात आणूच नये. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

काम कोण करतं, खेळणं की मूल?

रब्बीची ज्वारी हे माणचं मुख्य पीक. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची साल सोलायची, आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्याच काड्या टोचून ते जोडायचे आणि बैलगाडी तयार करायची. कडब्याच्या गंजीजवळ बसून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा उद्योग केला आहे. बेंदराला कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल पूजा झाल्यावर याच गाडीला जुंपले जायचे.

या बैलगाडीला आवाज नसतो, तो मूल काढतं. तिला रस्ता नसतो, तोही मूलच आखतं. गाडी मोडली तर नवी करायची आणि जुनी शेळीने खाल्ली तरी हरकत नाही. गाणं म्हणणाऱ्या गाडीत मात्र सगळं काम गाडीच करते. मुलाने फक्त बटण दाबायचं.

हा फरक संशोधनातही दिसला आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक यांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं गेलं. बाळ आवाज करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्याशी खेळत असताना पालक कमी बोलले आणि बाळाशी होणारी देवाणघेवाणही कमी झाली. साधी खेळणी आणि पुस्तकं असताना बोलणं वाढलं. मूल भाषा शिकतं ते समोरच्या माणसाकडून. खेळणं सतत बोलत राहिलं, की माणूस गप्प बसतो.

अरविंद गुप्ता यांनी याच विचारातून काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या बाटल्या आणि वर्तमानपत्रं यांपासून शेकडो खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हे काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची बरीचशी खेळणी मूल स्वतः बनवू शकतं, मोडून पाहू शकतं आणि पुन्हा जोडू शकतं.

इथे आणखी एक गोष्ट येते. मुलीला भातुकली आणि मुलाला ट्रॅक्टर, अशी वाटणी अजूनही सहज होते. ज्या म्हसवडमध्ये १९९७ मध्ये ग्रामीण महिलांची स्वतःची सहकारी बँक उभी राहिली, तिथल्या मुलीच्या हातात ट्रॅक्टर आणि मुलाच्या हातात पोळपाट-लाटणं द्यायला काहीच अडचण नसावी.

जास्त खेळणी म्हणजे जास्त खेळ?

याचं उत्तर बहुतेकदा उलटंच मिळतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं गेलं. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त वेगवेगळ्या प्रकारे वापरू लागली. सोळा असताना याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत राहिली.

म्हणून आहेत ती खेळणी फेकायची गरज नाही. चार-पाच बाहेर ठेवावीत आणि बाकीची ट्रंकेत. आठ-पंधरा दिवसांनी अदलाबदल केली, की जुनं खेळणंही मुलाला नव्यासारखं वाटतं.

दोन खोल्यांच्या घरात खेळाची जागा कुठून आणायची?

त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. महाराष्ट्राने हे फार पूर्वीच करून दाखवलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची कल्पना अशी रुजली. मुलांना समजेल अशा उंचीवर, मुलांना पेलेल अशा आकारात वस्तू ठेवायच्या, हे मारिया माँटेसरींचं तत्त्व त्यांनी उचललं. पण महागडी साधनं मात्र घेतली नाहीत. त्याऐवजी बिया, खडे, पानं, शिंपले अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या.

घरातही हे जमतं. दाराजवळ उजेड येतो तिथे एक वाकळ किंवा घोंगडं अंथरावं. मुलाला कळतं, ही आपली जागा. दोन विटांवर एक फळी टाकली की बुटकं कपाट तयार. विटा हलणार नाहीत आणि फळी निसटणार नाही, एवढं पाहावं. फळीवर चार वस्तू, प्रत्येकीमध्ये थोडी मोकळी जागा. एका टोपलीत कापडाचे तुकडे, दुसरीत लाकडी ठोकळे. सुताराकडे उरलेले तुकडे पॉलिश पेपरने चांगले घासून घेतले, तर त्याच्यासारखे ठोकळे नाहीत. मुलाला स्वतःहून घेता आणि ठेवता आलं, की ‘आवर’ म्हणून ओरडायची वेळही कमी येते.

भिंतीवर तक्ते आणि कार्टून चिकटवायचा मोह आवरलेला बरा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात २४ लहान मुलांना भरपूर सजवलेल्या आणि मोकळ्या भिंतींच्या अशा दोन्ही वर्गांत शिकवलं गेलं. नंतर विचारलेल्या प्रश्नांची सजवलेल्या वर्गात सरासरी ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, मोकळ्या वर्गात ५५ टक्के. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादं चित्र आणि कोपऱ्यात तांब्यात ठेवलेली एखादी फांदी, एवढं पुरतं.

राहिला पाण्याचा खेळ. तो मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो आणि माणमध्ये पाण्याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पसरट ताटलीत तांब्याभर पाणी, दोन वाट्या आणि एक चमचा पुरतो. खेळ झाला की मुलानेच ते पाणी तुळशीला घालावं. मूल पाण्याजवळ असेपर्यंत मोठं माणूस शेजारी हवंच. बादली तर अजिबात नको.

जुनं ते सगळं चांगलंच का?

नाही. सागरगोटे आणि चिंचोके मोजायला, झेलायला उत्तम, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या नाका-घशात तेच अडकतात. बांगड्यांच्या काचांचा खेळ हात कापतो. ज्वारीच्या ताटाची सालही धारदार असते. लहान असेपर्यंत ती मोठ्या माणसानेच सोलून द्यावी.

काही बाबतींत मात्र जुनं खरंच सरस आहे. सुताराकडून करून घेतलेला पांगुळगाडा मूल उभं राहून, स्वतःच्या पायांवर तोल सांभाळत ढकलतं. ज्यात मुलाला बसवतात तो चाकांचा वॉकर वेगळा. त्यात मूल पायऱ्यांवरून, उंबऱ्यावरून वेगाने कोसळू शकतं. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

मग यात्रेतून काय आणायचं?

बॉल, भोवरा, मातीची चूल, लाकडी गाडी, चित्रांचं पुस्तक. यातलं एखादंच, पण नीट पाहून घेतलेलं. मामाने हौसेने आणलेला आवाज करणारा ट्रॅक्टरही घरात असू द्यावा. सेल काढून घेतला, की तोही साधा ट्रॅक्टरच होतो आणि घुर्र करण्याचं काम मुलाकडे येतं.

दूर असलेल्या आई-वडिलांसाठी यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. गावी मुक्काम चार दिवसांचाच असला, तरी त्यातली एक दुपार मुलासोबत कडब्याची बैलगाडी करण्यात घालवता येते. ती गाडी फार दिवस टिकणार नाही. पण कशी करायची, हे मूल शिकलेलं असेल. ‘ही मी आणि पप्पांनी केली’ असं ते पुढच्या यात्रेपर्यंत आजीला सांगत राहील.